उतारावर लावलेली गाडी

"राहू द्या, हात लावू नका. किती चुकते तेवढं फक्त सांगा."

आमच्या कॉलेजातल्या स्टाफरूमचं घड्याळ पुढे पळायचं. शिपाई ते जुळवायला स्टुलावर चढला, की कोपऱ्यातल्या टेबलामागून सरांचा तळहात वर यायचा, ट्रॅफिक पोलिसासारखा, आणि पाठोपाठ हे वाक्य. शिपाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत उतरायचा. मग सर खडूने घड्याळाशेजारी भिंतीवर लिहून ठेवायचे, किती मिनिटं वजा करायची ते. भिंत खराब होते म्हणून प्राचार्य ओरडायचे. सर ऐकून घ्यायचे आणि महिन्याभराने आकडा पुसून नवा लिहायचे.

दुरुस्तीचं वेड असलेली माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. दुरुस्ती न करण्याचं वेड असलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तोही इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा.

गोष्ट सुरू होते नव्वदच्या दशकात. वर्ध्याबाहेर, कपाशीच्या वावरांना लागून आमचं खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज होतं. मी पहिल्या वर्षाच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायची. इंजिनिअरिंग कॉलेजात रसायनशास्त्रवाल्याची किंमत वरातीत डोक्यावर गॅसबत्ती धरणाऱ्याइतकी. उजेड आमचा, पण नाचणारे वेगळे. आम्हाला स्वतःची खोलीही नव्हती, म्हणून मला इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या खोलीत एक टेबल दिलं होतं. ते सरांच्या शेजारी होतं. त्यात आमची घरंही एकाच लेआउटमध्ये, मध्ये फक्त एक रिकामा प्लॉट. त्यामुळे जाताना येताना कॉलेजच्या बसमध्येही सरच शेजारी. एवढा सहवास मला माझ्या नवऱ्याचाही नव्हता.

सर मूळचे देवळीचे. वर्गात त्यांची भाषा कडक इस्त्रीची असायची आणि बसमध्ये बसले की देवळीची व्हायची. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळेच डोक्याला पांढरा दुपट्टा बांधतात, पण सरांच्या गळ्यात तो पावसाळ्यातही असे. त्याला ते हात पुसायचे, सोल्डरिंगची गरम सळई पुसायचे, आणि बारीक बारीक भोकं पडलेला तो दुपट्टा बांधून निर्धास्त लग्नालाही जायचे.

नागपूरला एम.टेक. करताना ते एका विषयात शिरले आणि तिथून कधी बाहेर आलेच नाहीत. फ्रिक्वेन्सी सिंथेसिस हे त्या विषयाचं नाव. "म्हणजे काय हो?" असं मी एकदा बसमध्ये विचारलं आणि कॉलेज येईपर्यंत खिडकीबाहेर बघायची सोय राहिली नाही.

"मॅडम, उपग्रहाचा आवाज जमिनीवर येते ना, तो लय बारीक. वरातीत बँड वाजून राह्यला आन् तुमच्या कानात कोणी कुजबुजून राह्यलं, तसा. तो ऐकाचा तं आपल्याजवळ त्याच सुराचा कोणी पाहिजे. सनईवाल्याच्या बाजूले एक जण नुसता सूर धरून बसते, पाह्यलं ना? तसा."

तो सूर धरणारा म्हणजे क्वार्ट्झचा एक चिमुकला स्फटिक. त्याच्या बारक्या ठोक्यांतून हवा तो मोठा सूर बांधून काढायचा, याला म्हणायचं सिंथेसिस. इथपर्यंत मला समजलं. पण सरांना हे सगळं मोबाईल फोनमध्ये घालायचं होतं. तेव्हा वर्ध्यात मोबाईल फोन कुणाकडे नव्हताच. एसटीडीच्या बूथवर रांगा होत्या, आणि हा माणूस म्हणत होता, की एक दिवस खिशातल्या फोनला आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत हे कळेल.

"पण फोनमध्ये जागा कुठं, मॅडम? स्फटिक एकच. त्याच्यावर फोन चालन आन् उपग्रहाचा कानही चालन. तिकडून टॉवर म्हणते, फोनभाऊ, तू चुकून राह्यला, जुळव. फोन गरीब, तो जुळवते. त्यानं जुळवलं का इकडं उपग्रहाचा सूर सुटला."

"मग हो?"

"मंग जुळवाचंच नाई. स्फटिकाले हात नाई लावाचा. तो किती चुकून राह्यला तेवढं मोजाचं आन् हिशेबात वजा कराचं."

"एवढंच?"

"एवढंच. आन् तेवढंच होऊन नाई राह्यलं."

सरांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा समोरच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीवर एक गोल घड्याळ दिसलं. तेही भलतंच पुढे. माझ्या नजरेतला प्रश्न पाहून वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, हसल्या. "बाबांनी लावलं आहे ताई. ड्युटीले उशीर होऊ नये म्हणून. मी लग्न होऊन आली तवापासून वजा करून राह्यली."

बाबा म्हणजे सरांचे वडील. जन्मभर एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर. वर्धा-आष्टी ही त्यांची आवडती गाडी, आर्वीमार्गे. गाडी हाकून त्यांनी एकुलत्या एका मुलाला एम.टेक. केलं होतं. त्यांचे हात मोठे, आणि बसल्याजागी ते गुडघ्यांवर असे ठेवलेले असत की मधे स्टिअरिंग आहे असं वाटावं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. आता हळूहळू त्यांना हीच गोष्ट आठवेनाशी झाली होती.

"आष्टी गाडी लागली का रे?"

"लागून राह्यली बाबा. कंडक्टर चहा पिऊन राह्यला."

"एवढा वेळ? काऊन?"

"साखर संपलीती म्हणे. आणाले गेलते."

बाबा मान डोलवायचे. कंडक्टर लोकांविषयी त्यांचं मत पहिल्यापासून वाईट होतं.

मला हे बघवत नसे. मी एकदा म्हटलं, "सर, त्यांना सरळ सांगत का नाही, की तुम्ही रिटायर झालात?" सरांचा तळहात वर आला. "आमच्या साळ्यानं सांगून पाह्यलं, मॅडम. बाबा एवढे घाबरले, की मलेच म्हणाले, तुमी कोण? ते किती मागं आहेत मले माहीत आहे. तेवढं मी वजा करतो. हात लावला का सुटतेत ते."

तेव्हा मला कळलं, की हा माणूस घड्याळाविषयी कधी बोलतच नव्हता. किंवा घड्याळ आणि बाप यांत त्याला काही फरक वाटत नव्हता. त्या दिवसापासून मी सरांची चेष्टा जरा कमी केली. बंद केली नाही, कारण तेही त्यांना खपलं नसतं.

पुढे बाबा घरातून निघून जाऊ लागले. सुरुवातीला फार काही नव्हतं. ते सरळ बसस्टँडवर जायचे, तिथे सगळे ओळखीचे. जुने ड्रायव्हर त्यांना चहा पाजायचे आणि रिक्षात बसवून द्यायचे. पण जुने ड्रायव्हर एकेक करून रिटायर झाले. एकदा बाबा देवळीत एका रिकाम्या बसच्या ड्रायव्हरच्या सीटवर सापडले, घामाने भिजलेले, किल्ली शोधत. त्या रात्री वहिनी जेवल्या नाहीत. आणि त्या दिवसापासून सरांचा विषय हा नुसता विषय राहिला नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी उपग्रहाचा कान आणि फोनचं सर्किट जोडून बाबांनी जवळ ठेवावा असा एक डबा तयार केला. तो आपण कुठे आहोत ते ओळखून तसा मेसेज पाठवणार होता. डबा जेवणाच्या टिफिनाएवढा झाला. बाबांनी तो उघडून पाहिला, आत पोळी-भाजी नाही हे कळल्यावर परत दिला आणि पुन्हा हातात घेतला नाही. डबा लहान करायचा तर स्फटिक एकच हवा, आणि एका स्फटिकावर दोन संसार चालत नव्हते. टॉवर बदलला की सूर सुटायचा. आपल्या भागात गावागणिक टॉवर बदलतो. सर सुट्टीच्या दिवशीही प्रयोगशाळेत जायचे आणि संध्याकाळी रिकाम्या प्लॉटमधून हळूहळू चालत घरी यायचे. त्या चालीवरूनच मला कळायचं, आजही झालं नाही.

मधे बंगलोरच्या एका कंपनीने त्यांना बोलावलं होतं. तिथे याच विषयावर काम करायला त्यांच्यासारखी पंचवीस डोकी होती. आम्ही सगळ्यांनी जा जा म्हटलं. सर म्हणाले, "मी तं जाईन. बाबाले तिथं आष्टी गाडी कुठून देऊ?"

आणि मग, नवं शतक लागून काही वर्षं झाल्यावर, जे सरांना जमलं नाही ते बाजारात आलं. कान असलेला फोन, नागपूरच्या दुकानात, काचेखाली ठेवलेला. सर तो घेऊन आले आणि स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर ठेवून नुसते बघत बसले. इतक्या वर्षांची मेहनत दुसऱ्याच्या हातून झालेली आणि खोक्यात घालून मिळालेली.

"वाईट वाटलं का हो?"

"वाईट काऊन वाटन? खिशात मावते ना बाबाच्या."

पण ते हे फोनकडे बघून म्हणाले, माझ्याकडे नाही.

त्यात मेसेज पाठवायचा प्रोग्राम सरांनी स्वतः लिहून घातला. मेसेज त्यांच्या फोनवर यायचा आणि माझ्याही. आता सगळं सुरळीत व्हावं ना? पण बाबा फोन बंद करायचे. जन्मभराची शिस्त होती, गाडी उभी केली की इंजिन बंद. "उभ्या गाडीत डिझेल काऊन जाळाचं?" ते बाकावर बसले, बंद. झाडाखाली टेकले, बंद. आणि एकदा बंद झालेल्या फोनला आकाशातला सूर पुन्हा पकडायला फार वेळ लागतो.

दुसरा कुणी असता तर बटण चिकटवून टाकलं असतं. सरांनी तसं केलं नाही. ते बाबांशेजारी बसले आणि आवाज खाली करून म्हणाले, "बाबा, याले बंद नका करू. सेल्फ खराब आहे याचा. बंद पडली तं धक्का मारा लागन."

गाडीचा स्टार्टर गेला म्हटल्यावर बाबांचा चेहरा गंभीर झाला. "डेपोत सांगितलं का?"

"सांगितलं. पार्ट नाई म्हणे."

"नसतेच त्यांच्याजवळ पार्ट," बाबा म्हणाले. आणि त्या दिवसापासून त्यांनी फोन कधीही बंद केला नाही.

ते दिवस फार छान गेले. माझा तास चालू असताना फोन गुरगुरायचा आणि मला कळायचं, की बाबा बाजारात आहेत. एकदा ते अर्धा दिवस एकाच जागी दिसले म्हणून आम्ही धावत गेलो, तर एका परक्या लग्नाच्या मांडवात पंगतीला बसून ते जिलबी खात होते. यजमान आम्हाला म्हणाले, "तुमीही बसा." आम्हीही बसलो.

एका संध्याकाळी त्यांच्या अंगणात वेगळाच प्रकार दिसला. ओट्यावर स्कूटर चढवायचा सिमेंटचा उतार असतो ना, त्यावर फोन ठेवलेला आणि फोनच्या पुढे एक खडा लावलेला. बाबांनी मला समजावून सांगितलं. "बाई, सेल्फ गेलेली गाडी मी आष्टीपर्यंत नेलेली हाय. कशी? थांबाचं तं उतारावर थांबाचं. चाकाले दगड लावाचा. दगड काढला का गाडी आपोआप चालू." फोन तापला होता. दिवसभर आकाशाकडे कान लावून बसलेला फोन तापतोच. थोड्या वेळाने बाबा तांब्याभर पाणी घेऊन आले, इंजिनात टाकायला. वहिनींनी धावत येऊन तांब्या धरला. आम्ही सगळे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. वहिनी खडा उचलायला गेल्या, तर सर हसत हसतच म्हणाले, "हात लावू नका."

मे महिना होता. कॉलेजला सुट्टी. वहिनी गच्चीवर कुरडया घालत होत्या, सर आत कुलरमध्ये पाणी भरत होते, आणि बाबा निघून गेले. आमचे फोन वाजले तेव्हाच कळलं. पवनार, नागपूरच्या रस्त्यावर. त्यांनी बस पकडली असणार. ते अजूनही ड्रायव्हरचा खाकी शर्टच घालायचे, आणि त्या शर्टाला कंडक्टर तिकीट विचारत नसत.

आम्ही ऑटो केला. सर फोनकडे बघत होते आणि खरं सांगते, खुशीत होते. "लॉक आहे मॅडम, सूर धरून आहे. एकदम पक्का. पाहा, जागेवरून हालून नाई राह्यले. धाम नदीच्या काठी बसले असतीन सावलीत."

पुलाच्या अलीकडे एक कच्चा रस्ता नदीकडे उतरतो. फोनने दाखवलेली जागा तिथेच होती. ऑटो थांबायच्या आत सर उतरले. सावली नव्हती. रस्त्याच्या कडेला, बरोबर उतारावर, फोन ठेवलेला होता. त्याच्यापुढे लिंबाएवढा एक दगड नीट टेकवून लावलेला. फोन चालू होता. बाबा नव्हते.

खाली पाण्यात एक बाई कपडे धूत होती. मी वरूनच विचारलं.

"हो, आलते ना एक आजोबा," ती म्हणाली. "बाटली मांगितली. म्हणे गाडी तापली, पाणी टाकाचं हाय. मी भरून देल्ली. मंग तिकडून चढले." तिने हात केला तो या रस्त्याकडे नव्हता, पलीकडच्या पायवाटेकडे होता. "म्या पुसलं, गाडी कुठं हाय आजोबा? तं म्हणे, उतारावर लावली हाय. मले तं कुठं गाडी दिसली नाई."

म्हणजे पाण्याची बाटली घेऊन बाबा आपली गाडी शोधत होते. फोन स्वतःची जागा चोख सांगत होता. सरांना आयुष्यभर हवं होतं ते अगदी तसंच झालं होतं, सूर सुटला नव्हता. आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

सर त्या पायवाटेने पळत गेले. गावातली माणसं आली, मोटारसायकली वावरांतून गेल्या, दोन्ही काठ पाहिले. नदीत गुडघ्याएवढं पाणी. सगळ्या वाटांवर माती एवढी वाळलेली, की पावलाचा ठसाही उमटला नव्हता. ऊन कलल्यावर सर परत उतारावर आले. दुपट्टा कुठेतरी सुटला होता. मी फोन उचलून त्यांना द्यायला वाकले.

"हात लावू नका."

तळहात वर होता.

"गाडी जागेवर पाहिजे मॅडम. बाबा पाणी घेऊन येतीन. गाडी नाई दिसली तं घाबरतीन ते."

मी त्यांच्याजवळ बसले. रस्त्यावरून नागपूरची बस गेली की ते उठून उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे. दिवे लागायच्या सुमाराला फोनची बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला. सर म्हणाले, "सेल्फ खराब आहे असं मीच सांगितलं होतं ना."

मी म्हटलं, "नाहीतर फोन बंद केला असता त्यांनी. मग इथवरही आलो नसतो आपण." ते खरंच होतं. पण खऱ्याने त्यांचं काही भागलं नाही.

पोलिसांत तक्रार झाली. बाबांचा फोटो लाल गाड्यांत ड्रायव्हरच्या पाठीमागे चिकटवला गेला. आष्टीला कुणी पाहिल्याचं कळलं, सर आष्टीला गेले, दुसराच म्हातारा होता. कुणी काही, कुणी काही सांगितलं. बाबा सापडले नाहीत.

सर कॉलेजात येत राहिले. सिंथेसिस पुन्हा पोरांना शिकवत राहिले. रविवारी मात्र फोन चार्ज करून ते पवनारला जायचे. एकदा मी नागपूरच्या बसमधून जाताना पाहिलं. उतारावर तोच दगड, दगडामागे फोन, आणि नवा दुपट्टा सरांच्या डोक्यावर नव्हता. तो त्यांनी दोन्ही हातांनी फोनवर ताणून धरला होता, फोन तापू नये म्हणून. मला खिडकीतून हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

त्यानंतर दोन-तीन उन्हाळे गेले आणि एका सकाळी सर स्टाफरूममध्ये बसल्याजागी गेले. मी तासावर होते. परत आले तेव्हा ते टेबलावर डोकं ठेवून झोपल्यासारखे दिसत होते आणि शिपाई त्यांच्या खुर्चीला धरून उभा होता. भिंतीवरचा खडूचा आकडा त्यांच्या हातचा शेवटचा. घड्याळ आणखी पुढे गेलं, आकडा चुकीचा झाला, तरी तो कुणी पुसला नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी वहिनींकडे गेले. बुद्धाच्या मूर्तीपुढे दिवा होता, घड्याळ आपलं पुढेच होतं. खाली जमिनीवर तो फोन चार्जरला लावलेला. वहिनींनी तो काढून हातात घेतला. रविवार होता.

"ताई, हे मी रोज चार्ज करून राह्यली. काऊन करून राह्यली मले माहीत नाई. मले तं याच्यातलं काही कळत नाई." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "चालू ठेवू का बंद करू?"

मी फोनकडे पाहिलं. बाबा पाणी घेऊन येणार नाहीत हे मला माहीत होतं. सरांनाही माहीत असणार. आता हे वहिनींना सांगायचं, तर आधी ते मला स्वतःला मान्य करायला हवं होतं.

"राहू द्या चालू," मी म्हटलं. "सेल्फ खराब आहे."